रेबीज विषाणू

रेबीज विषाणू हा सस्तन प्राण्यांच्या चेतासंस्थेत वाढणारा आणि रेबीज (अलर्क रोग, जलसंत्रास) हा रोग उत्पन्न करणारा विषाणू होय. ऱ्हॅब्डोव्हायरिडी या कुलातील लिसाव्हायरस या प्रजातीत त्याचा समावेश होतो. बाधित प्राण्याच्या, बहुतेक वेळा पिसाळलेल्या कुत्र्याच्या, लाळेतून तो माणसाच्या शरीरात शिरतो. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. याउलट, दंशानंतर लगेच जखम धुऊन लस व आवश्यक तेथे तयार प्रतिपिंडे दिल्यास हा रोग जवळजवळ निश्चितपणे टाळता येतो. निश्चित मृत्यू आणि निश्चित बचाव या दोहोंमध्ये केवळ काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे अंतर असते. ते अंतर का असते, याचे उत्तर या विषाणूच्या रचनेत आणि त्याच्या मेंदूपर्यंतच्या प्रवासात सापडते.

नाव

‘रेबीज’ हा शब्द लॅटिन भाषेतील असून त्याच्या मुळाशी ‘भान हरपून संतापणे’ असा अर्थाचा धातू आहे. ‘लिसा’ हा ग्रीक शब्दही उन्मादवाचकच आहे. संस्कृतात पिसाळलेल्या कुत्र्याला ‘अलर्क’ म्हणतात. त्यावरून मराठीत ‘अलर्क रोग’ हे नाव आले. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्यांच्या दंशाचे वर्णन असून, दंश झालेला मनुष्य पाण्याला भिऊ लागला तर तो वाचत नाही, अशा आशयाचा निर्वाळा तेथे दिलेला आहे. मेसोपोटेमियातील एश्नुन्ना या नगरराज्याच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यांतही पिसाळलेल्या कुत्र्याच्या धन्याला दंड सांगितला आहे. रोग इतका जुना आणि इतका ओळखीचा असूनही त्याचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणालाच उमगले नव्हते.

विषाणू आणि जिवाणू

विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात, म्हणून एक भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. ती अन्न घेते, ऊर्जा निर्माण करते व विभाजन पावून वाढते. विषाणू ही पेशीच नव्हे. न्यूक्लिइक आम्लाचा (डीएनए किंवा आरएनए यांपैकी एकाचा) धागा, त्याभोवती प्रथिनांचे वेष्टन आणि काही विषाणूंत त्याबाहेर मेदाचे आवरण, एवढाच त्याचा संसार. त्याच्याजवळ रायबोसोम नसतात, म्हणून प्रथिने बनवता येत नाहीत. ऊर्जा बनवण्याची यंत्रणाही नसते. सजीव पेशीच्या बाहेर तो निष्क्रिय कणाप्रमाणे असतो. पेशीत शिरल्यावर मात्र तो तिच्याच सामग्रीतून स्वतःच्या प्रती घडवून घेतो. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके पेशीभित्ती, जिवाणूंचे रायबोसोम अशा घटकांवर आघात करतात. विषाणूत हे घटकच नसल्यामुळे ती औषधे त्याच्यावर निरुपयोगी ठरतात.

रचना

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो: एक टोक गोलाकार, दुसरे सपाट. त्याची लांबी सुमारे १८० नॅनोमीटर आणि रुंदी सुमारे ७५ नॅनोमीटर असते. एक मिलिमीटर लांबीत असे साडेपाच हजार विषाणू एकापुढे एक मावतील. ज्या ग्रीक शब्दावरून ऱ्हॅब्डोव्हायरिडी हे कुलनाम आले, त्याचा अर्थ ‘काठी’ असा आहे.

विषाणूच्या गाभ्यात आरएनएचा एकच धागा असतो. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. रेबीजच्या धाग्यात ती सुमारे १२,००० असून त्यांत अवघी पाच जनुके आहेत. प्रत्येक जनुक एकेक प्रथिन घडवते आणि त्या पाच प्रथिनांवरच या विषाणूचा सारा कारभार चालतो.

‘एन’ हे प्रथिन आरएनएच्या धाग्याला मण्यांसारखे चिकटून त्याला झाकते. एक मणी नऊ अक्षरे झाकतो, म्हणजे संपूर्ण धाग्याला तेराशेच्या आसपास मणी लागतात. हा मढवलेला धागा स्प्रिंगसारखा वेटोळे घालून बसतो. त्याच्याशी ‘एल’ आणि ‘पी’ ही प्रथिने जोडलेली असतात. ‘एल’ हे आरएनएवरून आरएनएची प्रत काढणारे विकर (एन्झाइम) होय. ‘पी’ त्याचे साहाय्यक असते. शिवाय पेशीच्या संरक्षणयंत्रणेला, विशेषतः इंटरफेरॉनच्या कार्याला, अडथळा करण्याचे कामही तेच करते. ‘एम’ हे प्रथिन वेटोळ्याभोवती अस्तरासारखे असते व गोळीचा आकार टिकवते.

सर्वांत बाहेर मेदाचे पातळ आवरण असते. ते विषाणूने स्वतः तयार केलेले नसून, ज्या पेशीतून तो बाहेर पडला तिच्या पटलाचा तुकडा असतो. या आवरणातून ‘जी’ प्रथिनाचे सुमारे ४०० काटे बाहेर डोकावतात. प्रत्येक काटा तीन रेणूंचा बनलेला असतो. पेशीला चिकटणे आणि तिच्यात शिरणे ही दोन्ही कामे या काट्यांची. शरीरातील प्रतिपिंडे विषाणूला निष्प्रभ करतात तीही याच काट्यांना पकडून. त्यामुळे लशीच्या दृष्टीने ‘जी’ हे सर्वांत महत्त्वाचे प्रथिन ठरते.

मेदाचे आवरण ही या विषाणूची दुर्बळ बाजू होय. साबण मेद विरघळवतो. आवरण फुटले की काटे गळतात आणि विषाणू निकामी होतो. उष्णता, ऊन आणि कोरडेपणा यांनीही तो लवकर नष्ट होतो. दंशाची जखम साबणाने धुण्याचा जो आग्रह धरला जातो, त्यामागे हे साधे रसायनशास्त्र आहे.

पेशीत प्रवेश आणि पुनरुत्पादन

विषाणूचा काटा पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राही रेणूंना चिकटतो. स्नायू व चेता यांच्या सांध्यावरील ॲसिटिलकोलीन-ग्राही हा त्यांपैकी एक होय. चेतापेशींवर आणखीही काही ग्राही आहेत. चिकटलेल्या विषाणूला पेशी आपल्या पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत घेते. पुढे त्या पिशवीतील द्रव आम्लधर्मी होतो. आम्लामुळे ‘जी’ प्रथिनाचा आकार पालटतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकजीव होते आणि वेटोळे पेशीद्रवात मोकळे होते. म्हणजे विषाणूला दार पेशीच उघडून देते.

आता एक अडचण उभी राहते. पेशीतील रायबोसोम ज्या दिशेने संदेश वाचतात, त्याच्या उलट अक्षररचना रेबीजच्या आरएनएत असते. अशा आरएनएला ‘ऋण आरएनए’ म्हणतात. रायबोसोमला तो वाचता येत नाही. आरएनएवरून आरएनए उतरवून घेणारे या कामाचे विकर आपल्या पेशीत नसते. म्हणून विषाणू ते (‘एल’) बरोबर घेऊनच आत येतो. ‘एल’ धाग्याच्या एका टोकापासून निघून क्रमाने एन, पी, एम, जी आणि एल या जनुकांचे संदेश उतरवते. प्रत्येक जनुकाच्या शेवटी काही वेळा ते धाग्यावरून सुटते. परिणामी पहिल्या जनुकाच्या प्रती सर्वाधिक आणि शेवटच्याच्या सर्वांत कमी निघतात. मणी हजारोंनी लागतात आणि विकराचे रेणू थोडे पुरतात, तेव्हा ही व्यवस्था विषाणूच्या गरजेला अगदी जुळते.

पुरेसे ‘एन’ प्रथिन साठले की ‘एल’ वेगळे काम हाती घेते. ते संपूर्ण धाग्याची एक उलट प्रत काढते आणि त्या प्रतीवरून मूळ धाग्याच्या अनेक नकला काढते. हे सर्व पेशीद्रवात, केंद्रकाबाहेर चालते. त्या ठिकाणी विषाणूची प्रथिने व आरएनए यांचे गोल पुंजके तयार होतात. इटालियन वैद्य आदेल्की नेग्री यांनी १९०३ मध्ये बाधित मेंदूच्या पेशींत ते प्रथम पाहिले, म्हणून त्यांना ‘नेग्री पिंड’ म्हणतात. नेग्री यांना ते रोगकारक परजीवी वाटले होते. प्रत्यक्षात ते विषाणूचे कारखाने आहेत, हे पुष्कळ नंतर सिद्ध झाले.

नवे धागे ‘एन’ने मढतात, ‘एम’चे अस्तर लागते आणि हा संच पेशीतील एखाद्या पटलाशी जाऊन त्याचा तुकडा पांघरून बाहेर पडतो. झाडाला अंकुर फुटावा तशी ही क्रिया दिसते. मेंदूच्या पेशींत ती बहुतांशी आतील पटलांवर, तर लाळग्रंथीच्या पेशींत बाह्य पटलावर होते. त्यामुळे लाळेत विषाणू विपुल प्रमाणात उतरतात.

दंशापासून मेंदूपर्यंत

गोवर किंवा कांजिण्या यांसारख्या रोगांचे विषाणू शरीरात पसरण्यासाठी रक्ताचा आधार घेतात. रेबीजची वाट निराळी आहे. दंशाच्या जागी तो काही काळ स्नायूंच्या पेशींत राहतो व तेथे थोडा वाढतो, किंवा थेट जवळच्या चेतातंतूच्या टोकात शिरतो. पायाच्या पंजापासून मज्जारज्जूपर्यंत जाणारा एकच चेतातंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो. अशा लांब तंतूत टोकाकडचा माल पेशीच्या मुख्य भागाकडे वाहून नेणारी प्रथिनांची यंत्रणा असते. रेबीजचा विषाणू याच वाहतुकीत बसतो आणि मज्जारज्जूकडे सरकतो. तेथून एका चेतापेशीतून दुसरीत असे करत तो मेंदू गाठतो. मेंदूत पोहोचल्यावर मात्र त्याचा प्रसार वेगाने होतो.

लक्षणे दिसेपर्यंतचा हा काळ, म्हणजेच परिपाककाल, सामान्यतः दोन ते तीन महिन्यांचा असतो. तो एका आठवड्याइतका अल्प किंवा वर्षभराइतका दीर्घही असू शकतो. क्वचित त्याहून अधिक काळ गेल्याच्याही नोंदी आहेत. दंश चेहरा, मान किंवा हाताची बोटे अशा, मेंदूजवळच्या किंवा चेतातंतूंनी गच्च भरलेल्या जागी असेल, जखम खोल असेल, तर अवधी कमी मिळतो. लहान मुलांच्या बाबतीत म्हणूनच विशेष धोका असतो. त्यांची उंची कुत्र्याच्या तोंडाजवळ येते, त्यामुळे चावा पुष्कळदा डोक्यावर किंवा चेहऱ्यावर बसतो. शिवाय घरचे रागावतील या भीतीने ओरखडा लपवून ठेवणारी मुलेही असतातच.

या प्रवासात विषाणू शरीराच्या पहाऱ्यातून जवळजवळ निसटलेला असतो. चेतातंतूच्या आत प्रतिपिंडे पोहोचत नाहीत, आणि रक्तात विषाणू आढळत नाही. त्यामुळे परिपाककालात माणसाला बाधा झाली आहे की नाही, हे सांगणारी रक्ताची कोणतीही चाचणी उपलब्ध नाही. ‘आधी तपासून घेऊ, मग लस घेऊ’ असा विचार या रोगात करता येत नाही तो याच कारणाने.

चेतापेशींच्या सांध्यातून एका बाजूनेच पलीकडे जाण्याच्या या गुणाचा मेंदूविज्ञानाला उलटा लाभ झाला आहे. काट्याचे जनुक काढून टाकलेले, दुबळे केलेले रेबीज विषाणू वापरून कोणती चेतापेशी कोणत्या पेशीशी जोडलेली आहे, याचे नकाशे प्रयोगशाळांत काढले जातात.

मेंदूत वाढलेला विषाणू पुढे चेतातंतूंच्याच वाटेने उलट बाहेर निघतो आणि लाळग्रंथी, डोळ्याचे पारपटल, मानेवरील केसांच्या मुळांभोवतीची त्वचा अशा ठिकाणी पोहोचतो. निदान न झालेल्या मृत व्यक्तीच्या पारपटलाच्या किंवा अन्य अवयवांच्या प्रत्यारोपणातून रेबीज झाल्याची उदाहरणे यामुळेच घडली आहेत.

रोगलक्षणे

आरंभीची लक्षणे साधी असतात: ताप, डोकेदुखी, थकवा, अस्वस्थता. मात्र भरून आलेल्या, विसरूनही गेलेल्या जखमेच्या जागी मुंग्या येणे, खाज सुटणे किंवा वेदना होणे हे लक्षण बोलके असते. त्यानंतर रोग दोनपैकी एक रूप घेतो.

पहिले रूप उग्र. रुग्ण अतिशय प्रक्षुब्ध होतो, त्याला भास होतात, लाळ गळते. पाणी पिण्याचा प्रयत्न करताच घसा व श्वसनाचे स्नायू वेदनेने आखडतात. पुढे पाणी नुसते दिसले तरी ही उबळ येते. याला जलसंत्रास म्हणतात. चेहऱ्यावर वाऱ्याची झुळूक आली तरीही तसेच होते. उबळींच्या मधल्या वेळात रुग्ण पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो, नातेवाइकांशी नीट बोलतो. हृदय व श्वसन बंद पडून काही दिवसांतच मृत्यू येतो.

दुसरे रूप पक्षाघाताचे. सुमारे २० टक्के रुग्णांत ते आढळते. दंश झालेल्या अवयवापासून आरंभ होऊन स्नायू हळूहळू लुळे पडतात, पुढे बेशुद्धी व मृत्यू. येथे जलसंत्रास बहुधा नसतो, त्यामुळे चेतादाहाच्या इतर रोगांशी गल्लत होऊन निदान हुकते आणि मृत्यूची नोंदही रेबीज म्हणून होत नाही.

आश्चर्याची गोष्ट म्हणजे मृत्यूनंतर मेंदू तपासला असता, रोगाच्या भीषणतेच्या मानाने पेशींचा नाश फारसा आढळत नाही. चेतापेशी जिवंत राहतात, पण त्यांचे कार्य बिघडते. भावना व आक्रमकता यांच्याशी संबंधित मेंदूच्या भागांतही विषाणू पोहोचतो. प्राण्याला गिळता येत नाही, म्हणून विषाणूंनी भरलेली लाळ तोंडात साठते. तो बिथरलेला असतो, म्हणून चावतो. हे पाहून विषाणू प्राण्याकडून ‘करवून घेतो’ असे म्हणण्याचा मोह होतो. विषाणूला हेतू नसतो. ज्या प्रकारांचा प्रसार अशा वर्तनामुळे झाला ते टिकले, इतकेच म्हणणे योग्य.

लक्षणे दिसल्यानंतर उपयोगी पडेल असे सिद्ध औषध नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वटवाघूळ चावलेली एक किशोरवयीन मुलगी कृत्रिम बेशुद्धीच्या उपचारानंतर, लस घेतलेली नसतानाही वाचली. त्या पद्धतीचे अनुकरण पुढे अनेक ठिकाणी झाले, परंतु बहुतेक रुग्ण दगावले. भारतासह इतरत्र जे मोजके रुग्ण बचावले आहेत, त्यांतील बहुतेकांनी काही प्रमाणात लस घेतलेली होती आणि अनेकांना कायमचे चेताविकार राहिले. त्यामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत वेदना व भीती कमी करणारी शुश्रूषा, अंधारी व शांत खोली आणि जवळच्यांचा सहवास यांना महत्त्व असते. लाळेचा संपर्क आलेल्या शुश्रूषकांना लस दिली जाते.

निदान

खात्रीचे निदान मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतीत चकाकणाऱ्या प्रतिपिंडांच्या साह्याने विषाणूचे प्रथिन शोधून होते. नेग्री पिंड सर्वच बाधित मेंदूंत दिसत नाहीत, म्हणून केवळ त्यांच्यावर आता विसंबत नाहीत. जिवंत रुग्णात लाळ, मानेवरील त्वचेचा तुकडा आणि मेंदू-मज्जाद्रव यांची तपासणी करतात. मात्र नकारार्थी निष्कर्षाने रोग नाही असे सिद्ध होत नाही.

दंशानंतरचे उपचार

या उपचारांचे सूत्र एकच आहे: विषाणू चेतातंतूत शिरण्यापूर्वी त्याला जखमेतच गाठणे.

सर्वप्रथम जखम वाहते पाणी व साबण यांनी किमान १५ मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. घड्याळ समोर ठेवावे. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. हळद, मिरचीपूड, चुना, तेल, माती यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्याने विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते आणि महत्त्वाचा वेळ जातो. मंतरलेले पाणी किंवा गंडादोरा यांचा काहीही उपयोग नाही. कुत्रा पिसाळलेला नसेल तर अशा उपायांनंतरही माणूस ठणठणीत राहतो आणि श्रेय उपायाला मिळते. गैरसमज टिकून राहण्याचे हेच कारण आहे. जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत, कारण सुईने विषाणू खोल ढकलला जाऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने संपर्काचे तीन वर्ग केले आहेत. प्राण्याला हात लावणे किंवा अखंड त्वचेवर त्याने चाटणे हा पहिला वर्ग. यात धुण्यापलीकडे उपचार लागत नाही. उघड्या त्वचेवर दात घासणे, रक्त न येणारा किरकोळ ओरखडा हा दुसरा वर्ग. यात लस आवश्यक असते. त्वचा भेदून रक्त येणारा चावा वा ओरखडा, फाटलेल्या त्वचेवर, डोळ्यांत किंवा तोंडात लाळ जाणे, तसेच वटवाघळाचा थेट संपर्क हा तिसरा वर्ग. यात लशीबरोबर तयार प्रतिपिंडेही (रेबीज इम्युनोग्लोब्युलिन) द्यावी लागतात.

तयार प्रतिपिंडे का, हे समजून घेणे उपयुक्त आहे. लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. मधल्या काळात जखमेतील विषाणू मोकळाच राहतो. म्हणून माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे जखमेत व तिच्याभोवती टोचतात. मात्रा वजनावर ठरते: मानवी असल्यास किलोमागे २० एकके, घोड्याची असल्यास ४० एकके. ती पहिल्याच दिवशी द्यावीत. राहून गेल्यास लशीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांपर्यंतच देतात. प्रयोगशाळेत बनवलेली एकजिनसी (मोनोक्लोनल) प्रतिपिंडेही आता मिळतात. असे एक औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकी संशोधकांच्या सहकार्याने विकसित केले आहे.

लस दंडाच्या स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी पाच मात्रा देतात. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ या दिवशी प्रत्येक वेळी दोन जागी ०.१ मिलिलिटर टोचतात. ‘शून्य दिवस’ म्हणजे पहिल्या मात्रेचा दिवस, दंशाचा नव्हे. लहान बालके व गर्भवती स्त्रिया यांनाही लस देता येते. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्या व्यक्तीला पुन्हा दंश झाल्यास ० व ३ या दिवशी दोन मात्रा पुरतात. दंश होऊन बरेच दिवस उलटले असले तरी लक्षणे नसल्यास उपचार सुरू करावेत. सरकारी रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते.

चावलेला कुत्रा किंवा मांजर पाळतीवर ठेवता येत असल्यास दहा दिवस ठेवतात. लाळेत विषाणू उतरल्यानंतर तो प्राणी काही दिवसांतच आजारी पडून मरतो, म्हणून दहा दिवसांनंतर धडधाकट असलेल्या कुत्र्याच्या लाळेत चाव्याच्या वेळी विषाणू नव्हता असे म्हणता येते. मात्र तोवर वाट पाहत बसू नये. लस लगेच सुरू करून, प्राणी निरोगी राहिल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवता येते.

गाय किंवा म्हैस पिसाळून मेल्यावर तिचे दूध प्यायलेल्यांमध्ये घबराट पसरते. अशा जनावराचे दूध वापरू नये हे खरे. परंतु उकळलेल्या दुधातून माणसाला रेबीज झाल्याची नोंद नाही.

लशीचा इतिहास

रोगाचे कारण लाळेत असते हे जर्मनीत झिंके यांनी १८०४ मध्ये प्रयोगाने दाखवले. फ्रान्समध्ये लुई पाश्चर व एमिल रू यांनी बाधित सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून त्यांतील रोगकारक दुबळा केला. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पाश्चर यांच्या देखरेखीखाली ही लस देण्यास आरंभ झाला. अल्सास प्रांतातील या मुलाला दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले होते. प्रथम सर्वांत दुबळी, नंतर क्रमाने अधिक जहाल अशा तेरा मात्रा त्याला दिल्या आणि तो वाचला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच राखणदार होता. पाश्चर यांना आपण कशाशी झुंजत आहोत हे ठाऊक नव्हते. ‘विषाणू’ ही कल्पनाच तेव्हा रूढ झालेली नव्हती, आणि रेबीजचा विषाणू प्रत्यक्ष दिसला तो १९६०च्या दशकात. परिपाककाल दीर्घ असतो, ही एकच गोष्ट त्यांना पुरेशी ठरली. दंशानंतर लस देऊन रोगाच्या आधी प्रतिकारशक्ती निर्माण करण्याइतका अवधी अन्य फारच थोड्या रोगांत मिळतो.

भारतात कसौली येथे १९०० मध्ये आणि कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था स्थापन झाल्या. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या बाधित मेंदूवर कार्बॉलिक आम्लाची प्रक्रिया करून लस बनवली. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही मेंदूच्या ऊतीपासूनची लस तयार होत असे. आज पन्नाशीपुढे असलेल्यांना आठवणारी ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ ती हीच. त्या लशीने असंख्य प्राण वाचवले, पण तिच्यात मेंदूतील मेदयुक्त प्रथिनेही असत. क्वचित शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिकार उभारी आणि तो स्वतःच्याच चेतांवर उलटून पक्षाघात होई. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता पेशीसंवर्धनात वाढवून मारलेल्या विषाणूंच्या लशी वापरतात. त्यांतील काहींत वापरला जाणारा पिटमन-मूर वाण पाश्चर यांच्या मूळ वाणापासूनच आलेला आहे. चौदा इंजेक्शनांची धास्ती मात्र लशीपेक्षा चिवट निघाली. अजूनही तिच्यापायी लोक दवाखाना टाळतात.

प्रसार व नियंत्रण

माणसातील रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रुग्णांना बाधा कुत्र्यांकडून होते. मांजर, मुंगूस, कोल्हा, लांडगा, माकड यांच्यापासूनही धोका असतो. अमेरिका खंडांत वटवाघळे महत्त्वाची आहेत. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात, असा अंदाज प्रसिद्ध आहे, आणि त्यांत भारताचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक मानला जात असे. अलीकडील देशव्यापी सर्वेक्षणावर आधारित अभ्यासाने भारतातील वार्षिक मृत्यू सुमारे ५,७०० इतके वर्तवले आहेत. दोन आकड्यांतील फरक मोठा आहे. घरी झालेले, निदान न झालेले मृत्यू नोंदीत येत नाहीत, म्हणून अशी तफावत पडते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने माणसातील रेबीजची नोंद सक्तीची करण्याचे राज्यांना सुचवले.

कुत्र्यांना मारून रोग आटोक्यात येत नाही, असा अनुभव आहे; मोकळ्या झालेल्या जागी लस न घेतलेले नवे कुत्रे येतात. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस दिल्यास मात्र विषाणूची साखळी तुटते. जपानमधून रेबीज १९५७ पासून नाहीसा झाला आहे. युरोपात कोल्ह्यांसाठी लस घातलेली आमिषे रानात टाकून मोठे प्रदेश मुक्त करण्यात आले. भारतात लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही बेटे रेबीजमुक्त आहेत. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीजदिनी, जाहीर झाला. २८ सप्टेंबर ही पाश्चर यांची पुण्यतिथी होय.

गोव्यात राज्य सरकार व ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी गल्लोगल्ली फिरून, जाळ्यांनी मोकाट कुत्रे पकडून, लस देऊन व रंगाची खूण करून पुन्हा त्याच जागी सोडण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालवली. त्याच्या जोडीला शाळांतून मुलांना शिकवणे आणि संशयित कुत्र्यांची खबर घेणारी पथके होती. तेथील कुत्र्यांतील रेबीज झपाट्याने उतरला, माणसांचे मृत्यू काही वर्षे शून्यावर आले आणि २०२१ मध्ये गोवा हे ‘रेबीज-नियंत्रित’ म्हणून जाहीर झालेले देशातील पहिले राज्य ठरले. राज्याच्या सीमेपलीकडून बाधित कुत्रे येऊ शकत असल्याने तेथे लसीकरण थांबवण्यात आलेले नाही.